मौनघरातली बोलणारी

गावाबाहेर, टेकडीच्या पायथ्याशी चर्चचं एक मौनघर होतं. तिथे माणसं आपल्या पायांनी चालत गप्प बसायला यायची. आठवडाभर कुणाशी बोलायचं नाही, एका खोलीत एकटं राहायचं, प्रार्थना करायची आणि परत जायचं. ज्यांना हे पहिल्यांदा कळायचं त्यांना हसू यायचं. गावातल्यांना जरा जास्तच यायचं, कारण त्या मौनघराच्या फाटकावर बसवली होती रेडिओमावशी.

तिला रेडिओ का म्हणत हे फोड करून सांगायला नको. सकाळी डोळे उघडले की सुरू, रात्री मिटले की बंद, आणि मध्ये बटण नाही. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. तो म्हणायचा, लिफ्टमध्ये अडकलेल्यांना मी दिवसभर सोडवतो, मला कोण सोडवणार? तो बिचारा लवकरच सुटला. एका इमारतीच्या जिन्यात छाती धरून बसला तो उठलाच नाही. मूलबाळ नव्हतं. भिंतींशी बोलून बोलून तिचं डोकं फिरायची वेळ आली, तेव्हा फादरांनी तिला फाटकावर ठेवून घेतलं. लोक म्हणाले, फादरांना दुसरं कुणी मिळालं नाही का? पण फादरांचं डोकं ठिकाणावर होतं. आत वीस माणसं गप्प बसायची, तर त्यांच्या वाट्याचं बाहेर बोलायला कुणीतरी हवंच होतं.

फाटकाला लागून तिची खोली. खाट, टेबल, भिंतीवर किल्ल्यांची फळी, आणि टेबलावर त्या घरातला एकुलता एक चालू फोन. येणाऱ्यानं आपला मोबाइल तिच्या हवाली करायचा. ती तो बंद करून कापडी पिशवीत घालायची आणि ज्याच्या त्याच्या खोलीच्या नंबराच्या खणात ठेवायची. मग आठवडाभर बाहेरच्या जगाला त्या माणसाशी बोलायचं असेल तर आधी मावशीशी बोलावं लागे, आणि गाडी बहुतेक वेळा तिथेच अडे.

नियम सोपा होता. मरण, दवाखाना, आग. यांतलं काही असेल तरच आतल्याचं दार वाजवायचं. बाकी सगळं रविवारी, साधना संपल्यावर. एरवी त्या घरात कुणी कुणाचं दार वाजवत नसे, त्यामुळे दार वाजणं हीच वाईट बातमी. मावशीनं इतक्या वर्षांत तो आवाज मोजक्या वेळा केला होता, आणि याचा तिला अभिमान होता. फोन घेतल्या घेतल्या तिला कळायचं, कुणाची निकड खरी आणि कुणाची नुसती खाज. एकदा एका बाईच्या नवऱ्याचा फोन आला, "अहो, माझा निळा शर्ट कुठे ठेवलाय, तेवढं विचारा ना." मावशीनं ठोकून दिलं, "कपाटात, खालच्या फळीवर, उजवीकडे." दहा मिनिटांत त्याचा परत फोन, सापडला म्हणून. तेव्हापासून तिचा स्वतःवरचा विश्वास फारच वाढला.

दुपारची जेवणं झाली, ताटं विसळून झाली, की ती स्वयंपाकघरात शिरून दार लावून घ्यायची. तिथे मोठी गंमत चालायची. मावशी हुबेहूब आवाज काढायची. निळा शर्टवाला, कचेरीतून दर तासाला फोन करणारा कारकून, स्वतः फादर, कुणी म्हणून सुटायचं नाही. स्वयंपाकीण पदार्थांवर झाकणं ठेवता ठेवता खाली बसायची आणि तोंडात फडकं कोंबून हसायची, बाहेर आवाज जाऊ नये म्हणून. नक्कल करताना मावशी माणसाला थोडं वाढवायची. खोकला असेल तर त्याचा दमा करायची, कुणी अडखळत असेल तर त्याला चक्क तोतरं करून टाकायची. हसू यायचं ते त्या वाढवलेल्यावर. त्यात तिच्या मनात काही वाईट नसायचं. वाईट मनात असावं लागतंच असंही नाही.

स्वतः ती कधी साधनेला बसली नव्हती. आठवड्याच्या शेवटी माणसं बाहेर यायची, कुणी रडून सुजलेल्या डोळ्यांचं, कुणी धुतल्यासारखं स्वच्छ. ती मोबाइल परत करता करता त्यांच्या तोंडाकडे बघायची आणि स्वयंपाकिणीला म्हणायची, "आत काय सापडतं गं यांना? मला तर पाच मिनिटं गप्प बसवलं तर पोटात दुखायला लागतं."

एका आठवड्याला औषधवाली आली.

ती गावातल्या औषधांच्या दुकानात गल्ल्यामागे उभी असायची. चाळिशीची, सडपातळ, केस करकचून बांधलेले. बाटलीवर दिवसातून किती वेळा ते लिहून देणार आणि त्याहून एक शब्द जास्त बोलणार नाही, अशी तिची ख्याती. तिला पाहून मावशी म्हणाली, "ताई, तुम्हाला कशाला हवं मौन? तुमचं तर आयुष्यभर चालूच आहे." औषधवाली हसली नाही. मग तिला जरा मोकळं करावं म्हणून मावशीनं फादरांचा आवाज काढला. "मौन म्हणजे तोंडाला कुलूप नव्हे. देवाला बोलायला आपण जागा करून देतो, ते मौन. येशूसुद्धा गर्दी मागे टाकून एकटाच डोंगरावर जायचा. आपल्या बापाशी बोलायला त्यालाही एकांत लागायचा, मग आपण कोण?" मान एका बाजूला कलवणं, नाकातून निघणारा शेवटचा शब्द, सगळं जिथल्या तिथे. औषधवालीच्या ओठाचा कोपरा जरासा हलला.

"घरी कोण?" पिशवीवर नंबराची चिठ्ठी लावत मावशीनं विचारलं.

"आई."

"म्हातारं माणूस एकटंच? सांगून आलात ना त्यांना, इथे आठवडाभर फोन नसतो म्हणून?"

"शेजारच्या दुकानदाराला सांगितलंय. तो सांगेल तिला."

मावशीच्या मनात पाल चुकचुकली. आई घरात, आणि निरोप शेजाऱ्याकडे? पण तेवढ्यात मागून दुसरी गाडी आली, सामान उतरलं, आणि ती गोष्ट तशीच राहून गेली.

खरी गोष्ट फक्त फादरांना ठाऊक होती. औषधवाली आणि तिची आई एका घरात राहात, पण त्यांचा अबोला होता. एक-दोन दिवसांचा नव्हे, चार वर्षांचा. औषधवालीचं लग्न उशिरा का होईना ठरत आलं होतं. माणूस बरा होता, विधुर होता, लांबच्या शहरात राहायचा. आईनं मुलीला न सांगता त्याला परस्पर भेटून काहीतरी सांगितलं आणि तो परत आला नाही. काय सांगितलं ते आईनं कबूल केलं नाही. त्या दिवशी लेकीचं तोंड बंद झालं. ती आईला वेळेवर ताट द्यायची, गोळ्या द्यायची, तिचे कपडे धुवायची, डोक्याला तेल लावायची आणि तोंडातून अवाक्षर काढायची नाही. आईसुद्धा हट्टाची. पहिले काही महिने बोलून पाहिलं, मग तिनंही मिठाची गुळणी धरली. दोन माणसं आणि चार वर्षं, घरात फक्त भांड्यांचा आवाज.

हे ओझं तिला पेलेना, तेव्हा ती फादरांकडे गेली. फादर म्हणाले, "तुझं घरातलं गप्प बसणं हे शस्त्र आहे. एक आठवडा शस्त्राशिवाय गप्प बसून बघ. मग काय करायचं ते तुला कळेल." ते भले गृहस्थ होते, आणि ते बोलले त्यात काही चूकही नव्हतं.

आठवडा अर्ध्यावर आला आणि दुपारी मावशीचा फोन वाजला.

"अहो, तिथे आमची मुलगी आलीये." म्हातारा आवाज. प्रत्येक वाक्याआधी श्वास गोळा करायचा, मग ते वाक्य हळूच खाली ठेवायचं, असं बोलणं. "औषधांच्या दुकानात असते ती."

"हो आजी, आहेत ना. छान आहेत. काय निरोप आहे?"

"निरोप नाही. मला तिच्याशी बोलायचंय."

"काही तातडीचं आहे का? तब्येत बरी आहे ना? दवाखाना वगैरे?"

"नाही हो. तसं काही नाही."

"कुणी गेलंबिलं?"

"नाही."

"मग?"

थोडा वेळ फोनमध्ये नुसता श्वास. मग म्हातारी म्हणाली, "नुसतं बोलायचं होतं."

मावशीनं अशी माणसं ढिगानं पाहिली होती. तिनं गोड आवाजात नियम सांगितला. ताई देवाजवळ आहेत, त्यांचं मन लागलंय, मध्येच बोलावलं तर सगळी घडी विस्कटेल, रविवारी त्या घरीच येणार आहेत, तेव्हा पोटभर बोला. म्हातारी "बरं, बरं" म्हणाली आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्याच सुमाराला पुन्हा फोन.

"झालं का तिचं?"

"काय आजी?"

"ते गप्प बसणं."

"अहो, इतक्यात कुठे! रविवारपर्यंत आहे."

"असू दे. तशी सवय आहे म्हणा तिला," म्हातारी म्हणाली, आणि मावशीला त्यातला विनोदच ऐकू आला. ती खळखळून हसली. म्हातारी थांबली, पुन्हा श्वास गोळा केला. "एक करता का? तिला नका बोलू देऊ. तिचं मोडायला नको. नुसता फोन तिच्या कानाला लावा. मी बोलते. ती ऐकेल. मग ठेवून द्या."

"आजी, असं कुठे असतं का? मग मौन कसलं ते?"

"नाही, तिनं नाही बोलायचं. मीच."

"आजी, रविवारी. दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. धीर धरा की जरा!"

"बरं. राहू दे," म्हातारी म्हणाली.

त्या दुपारी स्वयंपाकघरात म्हातारीची पाळी लागली. मावशीनं एक झारा कानाला लावला. श्वास गोळा करण्याचा तिनं भाता केला. "नुसतं... बोलायचं... होतं" या तीन शब्दांना तिनं इतका वेळ लावला की स्वयंपाकीण म्हणाली, "बास गं, मेले मी." मग "मी बोलते, ती ऐकेल, मग ठेवून द्या" हे तर फारच रंगलं. संध्याकाळचं पीठ मळून होईपर्यंत दोघी त्यावर हसत होत्या. स्वयंपाकीण नंतर दोन-तीनदा आपणहून म्हणाली, "म्हातारी कर ना."

शनिवारी सकाळी शेजारचा दुकानदार स्वतः फाटकाशी आला. सायकल भिंतीला टेकवली, टोपी हातात घेतली. म्हातारी पहाटे पाणी प्यायला उठली असावी, माठाजवळच पडलेली सापडली, म्हणाला. पेला हातातच होता. डॉक्टर म्हणाले, हृदय. काल आणि परवा तर माझ्याच दुकानात आली होती फोन करायला, स्वतःच्या पायांनी, काठी टेकत.

 मरण नियमात बसत होतं. आता दार वाजवायला काहीच हरकत नव्हती.

ती लांब व्हरांडा चालून गेली. तिच्या चपलांचा आवाज ऐकून एका खोलीचं दार किलकिलं झालं आणि घाबरून बंद झालं, कारण मावशी आत येते ती कशासाठी हे सगळ्यांना माहीत होतं. औषधवालीच्या दारावर तिनं दोन टकटक केल्या. दार उघडलं. केस मोकळे, चेहरा असा सैल, असा निवलेला, की मावशीनं आधी तिला ओळखलंच नाही. ती मावशीकडे बघून हसलीसुद्धा. फाटकावर न हसलेली बाई तिथे हसली, आणि मावशीला सांगावं लागलं.

"ताई, आई गेल्या तुमच्या."

औषधवालीचं हसू लगेच गेलं नाही. ते तिथेच राहिलं, नुसतं वाळल्यासारखं. मग आठवडाभर न वापरलेल्या घशातून आवाज आला, "आज नाही. उद्या बोलायचंय मला तिच्याशी." आणि ती चपला न घालताच व्हरांड्यातून चालू लागली.

दफन झालं. दोन-चार दिवसांनी औषधवाली मौनघरात राहिलेली बॅग न्यायला आली. फोनचं दुकानदारानं तिला सांगितलंच होतं, त्यामुळे लपवाछपवीचा प्रश्न नव्हता. ती फादरांच्या खोलीत खुर्चीच्या कडेवर बसली. मावशी दाराशी उभी.

"मला ठरवता आलं होतं, फादर," ती म्हणाली. "चौथ्याच दिवशी. चॅपलमध्ये बसले होते आणि माझं मलाच कळलं की मला तिचा राग येत नाहीये. कधीचा येत नव्हता. नुसती सवय राहिली होती. मी रविवारी घरी जाऊन 'आई' म्हणून हाक मारणार होते. बाकी काही नाही, एवढंच." मग ती मावशीकडे वळली. "त्याच दिवशी तिनं पहिला फोन केला ना? काय म्हणाली ती?"

फादरांनी नियम समजावला. त्यांचा आवाज हळू होता आणि खरोखर दुखावलेला होता. मावशींनी नियमाप्रमाणे विचारलं, तातडीचं काही नव्हतं, मावशींचा दोष नाही, नियम माझा आहे.

"हो फादर. पण काय म्हणाली?"

मावशीनं तोंड उघडलं. आणि तिला जे आठवलं ते स्वयंपाकघरातलं. झारा. भाता. स्वयंपाकिणीचं फडकं. म्हातारीचा आवाज आठवायला गेली की तिची स्वतःची नक्कलच पुढे येऊन उभी राहायची. ती कशी बोलणार होती या बाईपुढे? 

"तातडीचं काही नाही म्हणाल्या," ती म्हणाली.

"बस? चार वर्षांनी माझ्याशी बोलायला ती काठी टेकत दुकानापर्यंत गेली, दोन वेळा, आणि एवढंच म्हणाली?"

चार वर्षांचं मावशीला तेव्हा कळलं. तिनं खाली बघितलं. "एवढंच, ताई."

औषधवालीनं बॅग उचलली. मोबाइल आठवणीनं मागून घेतला, चालू करून बघितला आणि बंद करून पिशवीत टाकला. त्यात काहीच नव्हतं.

त्या दिवसापासून रेडिओ बंद पडला. फाटकावर माणसं यायची, मावशी किल्ली द्यायची, मोबाइल घ्यायची, खोली दाखवायची. पाववाला म्हणाला, "मावशी, सेल संपले का?" तिनं पाव मोजून घेतले. स्वयंपाकिणीनं दोनदा विषय काढून बघितला, मग तीही मुकाट भांडी घासू लागली.  फोनवर कुणी काहीही विचारलं की ती पळत जाऊन दार वाजवायची. निळ्या शर्टांसाठीसुद्धा. साधनेला आलेल्या लोकांनी तक्रारी केल्या.

फादरांना वाटलं, हिला देवानं हाक दिलीये. त्यांनी तिला बोलावून सांगितलं, "मावशी, इतकी वर्षं दुसऱ्यांचं मौन राखलंत, आता थोडे दिवस स्वतः बसा. फाटकाचं मी बघतो. एकांतात देव भेटतो." तिनं मान डोलावली. नाही म्हणायलाही बोलावं लागलं असतं.

तिला कोपऱ्यातली खोली मिळाली. पलंग, खुर्ची, भिंतीवर क्रूस, खिडकीतून टेकडी. दार लावलं आणि तिला पहिल्यांदा कळलं की ती इतक्या वर्षांत काय राखत होती. ही शांतता गोड नव्हती. ती अंगावर येत होती. पहिल्या दिवशी नवरा आला, जिन्यात बसलेला, आणि ती त्याच्याशी मनात इतकी बोलली की थकून झोपली. त्याला ती कधी काही बोलू द्यायची का, हे तिला आठवेना. दुसऱ्या दिवशी म्हातारी आली, झारा कानाला लावून.

मावशीनं देवाला सांगितलं, हिला ने. देवानं नेलं नाही. ती गुडघ्यांवर बसली की तिच्या घशात आपोआप तो भाता चालू व्हायचा. वर्षानुवर्षांची सवय, गळा ऐकेना. तिला स्वतःची शिसारी आली. ती भिंतीला डोकं टेकून रडली, पोटातून, आवाज न करता, कारण शेजारच्या खोलीत कुणीतरी प्रार्थना करत होतं आणि तेवढं भान तिला अजून होतं.

रडणं संपल्यावर करायला काहीच उरलं नाही. ना फोन, ना फाटक, ना कुणाचं तोंड बघायला. तशी ती बसून राहिली. आणि मग तिनं जन्मात न केलेली गोष्ट केली. ती ऐकू लागली. आपण वाढवलं होतं ते एकेक करून काढू लागली. भाता काढला. ताणलेले शब्द आखूड केले. थरथर होती, पण इतकी नव्हती, तीही कमी केली. एखाद्या जुन्या लाकडावरचे रंगाचे थर खरवडून काढावेत तसं ती दिवसभर करत राहिली, आणि दुसऱ्या दिवशीही. शेवटी खाली जो आवाज उरला तो साधा होता, फार दमलेला होता आणि लाजत होता. एक म्हातारी बाई लाजत होती. आपल्याच मुलीशी बोलू द्या म्हणून एका परक्या बाईला विनवताना तिला लाज वाटत होती, आणि ती बाई हसली होती.

मावशीला देव भेटला की नाही ते तिनं कधी कुणाला सांगितलं नाही. साधना संपायच्या आधीच ती खोलीबाहेर पडली. फादर फाटकावर बसले होते. त्यांनी विचारलं, "कुठे?" ती म्हणाली, "निरोप राहिलाय एक." आणि उतार उतरून गावात गेली.

औषधवालीच्या घराचं दार उघडंच होतं. दोन खोल्या, मध्ये पडदा. अलीकडे एक पलंग, पलीकडे एक. पलीकडच्या पलंगावरची चादर अजून तशीच, मधोमध खळगा पडलेली. औषधवाली दुकानातून नुकतीच आली असावी, अंगावर अजून पांढरा कोट होता. तिनं मावशीला बसा म्हटलं नाही. मावशी उभ्यानंच म्हणाली,

"मी खोटं बोलले, ताई. एवढंच नव्हतं."

मग तिनं सगळं सांगितलं. पहिला फोन, दुसरा फोन, कानाला लावा म्हणालेलं, आपण हसलेलं. स्वयंपाकघरातलंही सांगितलं, झाऱ्यासकट. ते सांगताना तिला वाटलं, आता ही मला हाकलेल, आणि हाकललं तर बरं होईल.

औषधवालीनं हाकललं नाही. तिनं अंगावरचा कोट काढून खुंटीला अडकवला, आणि मावशीनं मध्ये तोंड घातलं नाही.

"तुम्ही आवाज काढता ना?" औषधवाली म्हणाली. "तिचा काढला होतात म्हणालात."

"ताई, नको."

"मला तिचा आवाज आठवत नाहीये. चार वर्षांत ऐकलाच नाही. शेवटी शेवटी ती खोकली तरी मी लक्ष द्यायचे नाही. तुम्ही ऐकलाय. तिच्या आवाजात सांगा."

"पाप लागेल मला."

"ते तुमचं तुम्ही बघा," औषधवाली म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, दयाही नव्हती. "तुम्ही परक्यांना हसवायला काढलात. मला का नाही?"

 मावशी खुर्चीवर बसली. डोळे मिटले. त्या कोपऱ्यातल्या खोलीत जो साधा आवाज हाती लागला होता तो हळूच वर आणला. काही वाढवलं नाही.

"तिला नका बोलू देऊ. तिचं मोडायला नको. नुसता फोन तिच्या कानाला लावा. मी बोलते. ती ऐकेल."

औषधवाली पलंगावर बसली. पलीकडच्या नव्हे, आपल्या. तिनं पडद्याकडे तोंड केलं, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि लहान मुलीसारखी म्हणाली, "बोल ना आई. ऐकतेय मी."

आणि मावशीच्या तोंडाशी सगळं आलं. तो आवाज तिच्या घशात तयार होता, गरम होता. माझं चुकलं गं पोरी. मी त्याला तसं सांगायला नको होतं. माझ्या मनात काही नाही, तुझ्याही ठेवू नकोस. म्हातारीला हेच म्हणायचं असणार, दुसरं काय असणार? निळा शर्टसुद्धा तिनं अंदाजानंच सांगितला होता आणि तो सापडला होता. चार शब्दांचा प्रश्न होता. ही बाई पुढची सगळी वर्षं त्या चार शब्दांवर काढू शकली असती. जन्मभर ज्या तोंडाला कधी शब्द कमी पडला नाही ते तोंड उघडायला आलं, आणि तिनं ते दाबून धरलं. दातांत ओठ धरून, खुर्चीचे हात घट्ट पकडून धरलं. असं गप्प बसायला तिला त्या खोलीतसुद्धा पडले नव्हते इतके कष्ट पडले. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. औषधवाली वाट बघत होती.

"पुढे?" ती म्हणाली.

"पुढे नाही," मावशी स्वतःच्या आवाजात म्हणाली.

"काहीतरी म्हणाली असेल."

"मी बोलू दिलं नाही त्यांना."

औषधवालीनं मान हलवली, दुकानात कुणी नसलेलं औषध मागितल्यावर हलवायची तशी. डोळे पुसले नाहीत. पडद्याकडचं तोंडही वळवलं नाही.

"मग तेवढंच परत म्हणा," ती म्हणाली.